सलामीतली संमती

खेळताना प्रतिस्पर्ध्याला झालेली इजा गुन्हा मानावी का, हा प्रश्न वरवर फौजदारी कायद्याचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी धर्मशास्त्राला फार पूर्वीपासून सतावणारा एक पेच आहे. हात पिरगाळणे, उचलून आपटणे, छातीवर बसून दाबून धरणे या गोष्टी भर बाजारात घडल्या तर पोलीस ठाणे गाठावे लागते आणि त्याच गोष्टी लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत, कुस्त्यांच्या फडात घडल्या तर करणाऱ्याला फेटा बांधला जातो. जोर तोच आणि वेदनाही तीच. मग हिंसेचा दोष आखाड्याच्या कडेला येऊन थांबतो की आत शिरून नुसते नाव बदलतो? माळेगावची यात्रा ज्या खंडोबाची, त्याचे एक नाव मल्लारी, म्हणजे मल्ल नावाच्या दैत्याचा शत्रू, असे आहे आणि त्याच्याच दारी मल्लांच्या जोड्या लागतात, हा योगायोग या संदर्भात मोठा गमतीचा आहे.

भारतीय कायद्याने या पेचाचे उत्तर संमतीत शोधले आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 87, जे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 25 झाले, त्याचा आशय असा की, अठरा वर्षांवरील माणसाने शब्दाने किंवा वागण्यातून संमती दिली असेल आणि करणाऱ्याला मृत्यू किंवा जबर दुखापत घडवायची नसेल, तसे घडण्याचा संभवही त्याला ठाऊक नसेल, तर त्यातून झालेली इजा अपराध ठरत नाही. 'जबर दुखापत' ही कायद्याची संज्ञा असून हाड मोडणे, सांधा निखळणे, दात पडणे, डोळा कायमचा जाणे हे सारे तिच्यात मोडते. कलमाला जोडलेले उदाहरण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे आहे: खेळायला उतरण्यातच प्रामाणिक खेळातून होणारी इजा सोसण्याची कबुली आली, असे ते सांगते. नांदेडच्या वाचकाला हे उदाहरण परके वाटू नये. गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूरला सुरू केलेली होला मोहल्ल्याची प्रथा त्यांनी 1708 मध्ये जेथे देह ठेवला त्या नांदेडमध्येही पाळली जाते आणि गतका, म्हणजे एका हाती सोटी व दुसऱ्या हाती फरी नावाची लहान ढाल घेऊन खेळायचा खेळ, या शहराच्या ओळखीचा आहे. जुन्या मराठीत याच जातीच्या खेळाला फरीगदगा म्हणत. गतक्यात सोटी अंगाला लागणारच, हे उतरणाऱ्याला माहीत असते. सोटीऐवजी लपवलेले पाते लागले, तर मात्र ती वेगळी गोष्ट होते, आणि कलमाचा सारा भार या 'वेगळे'पणावर आहे.

ही संमती कागदावर कोणी लिहून देत नाही. मातीच्या कुस्तीत ती सलामीतून दिली जाते, आणि सलामी नीट पाहिली तर ती कायद्याच्या कलमापेक्षा अधिक नेमकी वाटते. पैलवान हौदात पाय टाकण्यापूर्वी माती कपाळाला लावतो, मग मूठभर माती प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर आणि दंडावर टाकतो, प्रतिस्पर्धीही तेच करतो, हातात हात मिळतो आणि मगच पकड होते. घामाने निसटणारे अंग पकडीला यावे, हा त्यातील व्यावहारिक भाग झाला. पण आपल्या अंगाला दुसऱ्याची पकड बसावी म्हणून आपणच माती अंगावर घेणे, याहून स्पष्ट संमती दुसरी कोणती असणार? ती मर्यादितही असते. ढाक, घिस्सा, कलाजंग या डावांना ती लागू आहे. बोट मोडण्याला, डोळ्यात बोट घालण्याला किंवा कुस्ती सुटल्यावर मारलेल्या ठोशाला ती लागू नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा संदिग्ध पट्टा उरतो, ज्यात नियमाबाहेरची पण खेळाच्या ओघात नेहमी घडणारी धसमुसळी येते. तिच्याबाबत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2004 मध्ये बार्न्स खटल्यात असे ठरवले की नियमभंग झाला एवढ्याने गुन्हा होत नाही, फौजदारी खटला फार गंभीर वर्तनासाठीच राखून ठेवावा. तरीही खेळाडू तुरुंगात गेल्याची उदाहरणे आहेत. स्कॉटलंडचा फुटबॉलपटू डंकन फर्ग्युसन याला सामन्यात प्रतिस्पर्ध्याला डोक्याने धडक दिल्याबद्दल 1995 मध्ये कारावास भोगावा लागला.

मराठवाड्याशी जोडलेले अलीकडचे प्रकरण या पट्ट्यातले नाही, त्याच्या पलीकडचे आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत नांदेडकडून उतरलेला, याआधी दोनदा हा किताब जिंकलेला शिवराज राक्षे गादी विभागाच्या लढतीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीतपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. तो मान्य नसल्याने वाद झाला आणि त्यात राक्षेने पंचाला लाथ मारली. राज्य कुस्तीगीर संघाने त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घातली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर पुढे बरेच बोलले गेले, पण प्रस्तुत प्रश्नापुरते ते गौण आहे. पंचाने अंगावर माती घेतलेली नसते. तो आखाड्यात असूनही कुस्तीत नसतो, त्यामुळे त्याच्या अंगावर पडलेल्या लाथेला सलामीतील संमतीचे कवच मिळूच शकत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ती रस्त्यावरच्या लाथेहून निराळी ठरण्याचे कारण दिसत नाही. बंदी हे संघाचे घरगुती शासन आहे. तेवढ्यावर प्रकरण मिटले असे मानण्याची कुस्तीशौकिनांची सवय समजण्याजोगी असली, तरी तिला तर्काचा आधार नाही.

परंपरेकडे वळले तर महाभारतात याच प्रश्नाची दोन विलक्षण उदाहरणे आढळतात. विराटपर्वात ब्रह्मदेवाच्या उत्सवात कुस्त्या भरतात आणि बल्लव नावाने आचारी झालेला भीम जीमूत नावाच्या मल्लाला गरगरा फिरवून जमिनीवर आपटून ठार करतो. विराट राजा त्याला धन देतो, कोणी जाब विचारत नाही. शल्यपर्वातील गदायुद्धात मात्र भीम दुर्योधनाच्या मांड्यांवर गदा हाणतो, तेव्हा दोघांचाही गुरू असलेला बलराम नाभीखाली प्रहार करू नये या नियमाची आठवण देत नांगर उगारून धावतो. कृष्ण त्याला आवरतो, शत्रूची पूर्वीची पापे आणि भीमाची प्रतिज्ञा पुढे करतो, पण बलरामाचे समाधान होत नाही. भीम यापुढे कपटाने लढणारा म्हणून ओळखला जाईल, असे बोलून तो द्वारकेला निघून जातो. पहिल्या प्रसंगात मृत्यू आहे आणि दोष नाही. दुसऱ्यात राज्य मिळाले तरी दोष उरला. वस्तादाची नजर परिणामाकडे लागलेली नसते, डाव कसा मारला याकडे लागलेली असते, हे बलरामाच्या रागातून जितके कळते तितके कोणत्याही निकालपत्रातून कळणार नाही.

या विषयाचे शास्त्रही मराठवाड्याच्या उंबऱ्यावरच रचले गेले. निलंग्यापासून फार दूर नसलेले आजचे बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, आणि त्याच राजाचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोद, म्हणजे मल्लयुद्धाची राजमान्य करमणूक, सविस्तर वर्णिली. दंडाचे शास्त्र आणि कुस्तीचे शास्त्र असे बाप-लेकाच्या दरबारात शेजारी शेजारी बसले. याज्ञवल्क्याने आपला ग्रंथ आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांत विभागला आहे; शारीरिक मारहाणीचा विचार, ज्याला दंडपारुष्य म्हणतात, व्यवहाराध्यायात म्हणजे राजाच्या न्यायसभेच्या कक्षेत येतो, आणि पापाचा विचार तिसऱ्या अध्यायात. नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतीत मात्र प्रायश्चित्ताने माणूस लोकांत पुन्हा व्यवहार्य, म्हणजे वागण्या-बसण्यास योग्य, होतो एवढेच, असा तेथे भेद आहे. आजच्या चर्चेत हरवली आहे ती नेमकी ही दुहेरी विभागणी. दंड होत नाही म्हणजे काही घडलेच नाही, असा अर्थ संमतीतून काढला जातो. वास्तविक संमती फक्त व्यवहाराध्याय बंद करते, तिसरा अध्याय उघडाच राहतो.

येथे बौद्ध परंपरा आक्षेप घेईल. तिच्या मते चेतना, म्हणजे करण्याचा संकल्प, हेच कर्म. संकल्प नसेल तर कर्म नाही आणि मग धुऊन काढायला काही उरत नाही. आक्षेप बळकट आहे, पण अनुभवाला पुरा पडत नाही. डिसेंबर 2004 मध्ये बेंगळुरूला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी टक्कर होऊन मरण पावला. अशा टक्करीत कोणाला मारायचे नव्हते हे मान्य केले, तरी ज्याच्या हातून ती घडते त्याला पुढच्या सकाळी आपण निर्दोष आहोत एवढे सांगणे पुरते का? प्रायश्चित्ताची कल्पना शिक्षेची नसून ज्याच्या हातून घडले त्याला काहीतरी करायला देण्याची आहे, आणि त्या दृष्टीने स्मृतिकार अधिक माणुसकीने वागले, असे म्हणावे लागते.

आता राहतो तो सर्वांत लहान पैलवान. हरिश्चंद्र बिराजदारांसारखा रुस्तुम-ए-हिंद देणाऱ्या लातूर जिल्ह्यात मुले कळायला लागण्याआधी लंगोट बांधतात, आणि यात्रेतील फडाची सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी, म्हणजे मूठभर रेवड्या किंवा नारळ बक्षीस असलेल्या पोरांच्या झटापटींनी होते. ही मुलेही मोठ्यांसारखीच माती कपाळाला लावतात, पण कलम 25 ला ती संमती चालत नाही, कारण ते अठरा वर्षांवरील माणसाचीच संमती मानते. बारा वर्षांखालील मुलांच्या हितासाठी पालकाच्या संमतीने केलेल्या कृतीला वेगळे कलम आहे. बारा ते अठरा या वयाच्या मुलांना ही दोन्ही कलमे लागू होत नाहीत, आणि तेथे योग्य ती काळजी घेऊनही घडलेल्या अपघाताच्या तरतुदीवर भिस्त ठेवावी लागते. मुलाने मुलाचा हात मोडला तर दोषाचा शोध त्या दोघांत घेऊ नये. त्यांची जोड वजन न पाहता कोणी लावली, माती किती खणली होती आणि पंच कुठे उभा होता, हे यात्रा समितीला आधी विचारावे.