भीमेच्या दोन तीरांवरचे तालुके
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला भीमा नदी बऱ्याच अंतरापर्यंत दोन तालुक्यांची हद्द बनून वाहते. तिच्या डाव्या तीराला शिरूर, उजव्या तीराला दौंड. शिरूरच्या दुसऱ्या अंगाने घोड नदी जाते आणि पलीकडे अहिल्यानगर जिल्हा लागतो. २०११च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या थोडी वर, म्हणजे जवळपास सारखीच भरली.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख पूर्वीपासून पावसाच्या भरवशावर जगत आला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, त्यातच शेतसारा वाढला आणि कुणबी सावकाराच्या खतात अडकला. १८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. मे १८७५मध्ये दौंडच्या शेजारच्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि गावोगाव कर्जरोखे जाळले जाऊ लागले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला; १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. गावाने एकजुटीने उठून कायदा बदलायला लावल्याचे हे ठळक उदाहरण या तालुक्यांच्या इतिहासात सर्वांत मोलाचे आहे.

पुढे पाणी आले. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडला, घोड आणि चासकमान प्रकल्पांनी शिरूरला ऊस दिला. पाटसचा ‘भीमा’ आणि न्हावऱ्याचा ‘घोडगंगा’ हे सहकारी साखर कारखाने त्यातूनच उभे राहिले. केडगाव परिसरात गुऱ्हाळे वाढली. पण शिरूरच्या पश्चिमेकडील पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई ही गावे कोरडीच राहिली. दौंडच्या दक्षिणेकडील जिरायत पट्टा जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या आवर्तनाकडे डोळे लावून असतो. बागायत आणि जिरायत गावांची बेरीज करून काढलेली तालुक्याची सरासरी त्यामुळे फसवी ठरते.

शिरूरला पुणे-नगर रस्त्याने रांजणगावची औद्योगिक वसाहत मिळाली; दौंडला रेल्वे जंक्शन आणि कुरकुंभचे रासायनिक कारखाने. पाबळला १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करत शिकण्याचा हा प्रयोग त्यांनी मुद्दाम कोरडवाहू गावात केला.

दोन्हीकडे तहसील कार्यालय, पंचायत समिती आणि नगरपरिषद आहे. लोकसभेला मात्र शिरूर तालुका शिरूर मतदारसंघात, तर दौंड बारामतीत मोडतो. पाण्याची वाटणी या कागदी सीमांवर किंवा तालुक्याच्या सरासरीवर ठरू नये; ती गाववार गरज पाहून, शेवटच्या टोकाच्या शेतापासून मोजत आणावी.