धाव संपलेल्या घोड्याचे देणे

पुण्याच्या लष्कर भागातला रेसकोर्स १८३० सालचा. ज्येष्ठात पालख्या शहरातून पुढे गेल्या की काही आठवड्यांत इथला शर्यतींचा हंगाम सुरू होतो. थंडी पडू लागली की रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती मुंबईला, महालक्ष्मीच्या मैदानावर जातात. धावणारा घोडा थरोब्रेड जातीचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो शर्यतीत उतरतो आणि सहा-सात वर्षांचा होईतो बहुतेकांचे धावणे आटोपते. कोणाच्या पायाची शीर सुजते, कोणाचा दम अपुरा पडतो, कोणी नुसताच हळू निघतो. नीट सांभाळलेला घोडा मात्र पंचवीस वर्षे सहज जगतो. उरलेली अठरा-एकोणीस वर्षे त्याने कोणाच्या दारात काढायची, हा प्रश्न व्यवहाराचा आहेच. त्याआधी तो धर्माचा आहे. कोण कोणाचे काय देणे लागतो हे ज्या अर्थाने धर्मात येते, त्या अर्थाने.

मोजके घोडे आणि घोड्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. काही पुण्याच्या कडेने तळेगावपर्यंत पसरलेल्या रायडिंग स्कूलमध्ये येतात. काही थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवर घेतात, काही वरातीत बँडशेजारी उभे राहतात. मुंबईत व्हिक्टोरिया गाड्याही होत्या. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या बेकायदा ठरवल्या. जनावराला उपाशीतापाशी सोडून देणे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण घोडा रीतसर विकला की जुना मालक मोकळा होतो. घोड्याबरोबर त्याचे ऋणही विकले जाते का, याबद्दल कायदा काही बोलत नाही.

या प्रश्नाला सर्वांत जुने आणि सोपे उत्तर कृतज्ञतेचे आहे. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क याने रोमच्या केटोचे चरित्र लिहिताना त्याच्यावर एक ठपका ठेवला: केटो म्हातारे गुलाम विकून टाकी. प्लूटार्कच्या मते भला माणूस थकलेल्या घोड्याला आणि कुत्र्यालाही शेवटपर्यंत पोसतो. तो अथेन्सची एक गोष्ट सांगतो. तिथल्या मोठ्या मंदिराच्या बांधकामावर राबलेली खेचरे मोकळी सोडली होती. त्यांतले एक आपणहून परत येई आणि ओझी वाहणाऱ्या खेचरांच्या पुढे चालू लागे. त्याचा चारा सरकारी खर्चाने द्यायचे ठरले. अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही म्हाताऱ्या घोड्याचे आणि कुत्र्याचे उदाहरण घेतले, पण त्याच्या लेखी ते कर्तव्य प्राण्याविषयीचे नव्हते. जनावराशी निष्ठुर वागणारा माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून माणसाने स्वतःचे मन जपावे, एवढेच त्याचे म्हणणे. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या शेतकऱ्याला ही वाट लांबची वाटेल. त्याच्या हिशेबात बैलाने घर पोसलेले असते, आणि देणे थेट बैलाचे असते.

कृतज्ञतेचा हा हिशेब रेसकोर्सवर मात्र लंगडा पडतो. शर्यतीत दहा घोडे धावले तर जिंकतो एक. कित्येक घोडे आयुष्यात एकही शर्यत जिंकत नाहीत, मालकाचा चंदीचा खर्चसुद्धा फेडत नाहीत. सेवेच्या बदल्यात सांभाळ, असे सूत्र धरले तर डर्बी जिंकणाऱ्याला म्हातारपणी कुरण मिळेल आणि शेवटून दुसऱ्या येणाऱ्याला काहीच मिळणार नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घडते तेच. कृतज्ञता नावाजलेल्यांच्या वाट्याला येते आणि प्रश्न उरतो तो न नावाजलेल्यांचा.

महाभारतात यासाठी वेगळा शब्द आहे: आनृशंस्य. अहिंसा म्हणजे न मारणे. आनृशंस्य म्हणजे निष्ठुर न होणे, आपल्या आधाराने असलेल्याकडे पाठ न फिरवणे. यक्षप्रश्नात युधिष्ठिर यालाच श्रेष्ठ धर्म म्हणतो. महाप्रस्थानाच्या वेळी त्याची परीक्षाही याच शब्दावर होते. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला मागे ठेव म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. त्या कुत्र्याने पांडवांसाठी काय केले होते? काही नाही. राखण केली नव्हती, शिकार आणून दिली नव्हती. तो हस्तिनापुरापासून मागे चालत आला होता, इतकेच. सोबत आलेला आणि आता दुसरा आसरा नसलेला, एवढे युधिष्ठिराला पुरले. आनृशंस्याच्या तागडीत हरलेला घोडा जिंकलेल्याइतकाच भरतो.

थरोब्रेड तर मागे चालत आलेलाही नाही. त्याला आणले आहे. बापाच्या बाजूने त्याचे सगळे कूळ अठराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडात नेलेल्या तीन नरांपर्यंत पोचते, आणि तेव्हापासून कोणती घोडी कोणत्या घोड्याला दाखवायची हे माणूस ठरवत आला आहे. आई, बाप, जन्मतारीख, सगळ्याची नोंद वहीत. वेग हवा म्हणून लांब बारीक पाय दिले, तेच पाय लवकर जायबंदी होतात. पातळ कातडी दिली, ती पावसाळ्यात माश्यांनी आणि चिखलाने फोडली जाते. म्हणून हे देणे सेवेच्या मोबदल्यापेक्षा जन्मदात्याच्या देण्यासारखे आहे. शास्त्रांनी गृहस्थाला सांगितलेल्या पाच महायज्ञांत भूतयज्ञ आहे, म्हणजे रोज प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवणे. तो एकदा करून संपत नाही. घोड्याची चंदीही रोज लागते.

पुण्याच्या आसपासच्या एखाद्या रायडिंग स्कूलमध्ये रेसचा घोडा आला की पहिला बदल चंदीतच होतो. ओट, जव, हरभऱ्याच्या जोरावर पळणाऱ्या अंगाला आता ते बळ नको असते. दाणा घटतो, वैरण वाढते. हे सावकाश करावे लागते, कारण घोड्याला ओकता येत नाही. पोटात गडबड झाली की ती जिवावर बेतते. शर्यतीचे ॲल्युमिनियमचे हलके नाल उतरवून नालबंद लोखंडी ठोकतो, किंवा काही दिवस पाय मोकळेच ठेवतो. मग घोड्याला मैदानात नुसते सोडतात. रेसच्या तबेल्यात पहाटेचा व्यायाम आणि खरारा सोडला तर बहुतेक दिवस खोलीत जातो, त्यामुळे दुसऱ्या घोड्याशेजारी पळणे त्याला पाठ असते, शेजारी उभे राहून चरणे माहीत नसते. पहिल्या दिवशी तो कुंपणाच्या कडेने घामाघूम होईपर्यंत फेऱ्या मारतो. कोणी दारापाशी उभे राहून एका पायावरून दुसऱ्यावर झुलत राहतो, कोणी फळीला दात लावून हवा गिळतो. या सवयी कोंडण्यातून येतात आणि जागा बदलली तरी बऱ्याचदा जात नाहीत.

खरी गंमत स्वार बसताना होते. जॉकीला चालत्या घोड्यावर कोणीतरी पायाला हात देऊन वर चढवतो. रायडिंग स्कूलमध्ये घोड्याने ओट्याशेजारी दगडासारखे उभे राहायचे असते. इथे शिकाऊ स्वार डावा पाय रिकिबीत घालतो, आणि घोडा निघतो. त्याची चूक नसते. बसणे म्हणजे निघणे, हेच तो शिकला आहे. लगामाचेही तसेच. जॉकी रिकिबी आखूड करून पाठीवर ओणवा होतो आणि लगाम ताणून धरतो. घोडा कडियाळ्यावर तोंड टेकून आणखी वेग घेतो. रायडिंग स्कूलमधला घाबरलेला विद्यार्थी थांबवण्यासाठी लगाम ओढतो, आणि घोड्याला ऐकू येते: पळ. पोटाला पायाचा स्पर्श झाला की बाजूला सरकायचे, हे तर त्याने कधी ऐकलेलेच नसते, कारण जॉकीचे पाय तिथपर्यंत पोचतच नाहीत. एक पूर्ण भाषा विसरून दुसरी शिकायची, आणि तीही जुन्या भाषेतल्याच शब्दांनी. शहाणा सईस यासाठी सहा महिने मागतो. मालकाला बहुधा सहा आठवडे द्यायचे असतात.

इथे आक्षेप निघतो. हा घोडा पुन्हा कामालाच लावला, मग फेडले काय? आक्षेप खरा आहे, आणि तो जुन्या तत्त्वज्ञानालाही लागू पडतो. कठोपनिषदाने शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले. तिथे अनावर घोडे दुष्ट ठरतात. सगळे रूपक सारथ्याच्या बैठकीवरून पाहिलेले आहे. घोडा का बुजला, हे विचारायला तिथे कोणी नाही. अपवाद द्रोणपर्वात सापडतो. जयद्रथवधाच्या दिवशी ऐन रणात कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, आणि अर्जुन जमिनीवर उभा राहून तेवढा वेळ शत्रूला थोपवतो. सूर्यास्ताच्या आत प्रतिज्ञा पुरी करायची असताना सारथ्याने घोड्यांसाठी काढलेला तो वेळ आहे.

वारीत तर पाठ रिकामी ठेवलेलाच घोडा असतो. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीला चालत येतात. एकावर जरीपटक्याचा स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, कारण त्यावर ज्ञानेश्वर माउली बसलेली असते. चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, अश्व धावतात आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. एका घोड्याच्या धावण्यावर पैसे लागतात, दुसऱ्याच्या धावण्यातून माती प्रसाद होते. दोन्ही अर्थ माणसाचे. घोड्याच्या बाजूने फरक पडतो तो पाठीवरच्या वजनाचा आणि तोंडातल्या लोखंडाचा.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातले अहिंसेचे विवेचन या वादात फार उपयोगी पडते. ज्ञानेश्वर अहिंसेची नुसती व्याख्या देऊन थांबत नाहीत. ती चालण्यात कशी दिसते, नजरेत, बोलण्यात, हाताच्या हालचालीत कशी दिसते, हे ते ओवीमागून ओवी सांगत जातात. पाय टाकताना खालच्या जीवाची आठवण, हात उचलताना समोरच्याच्या धसक्याची आठवण. रायडिंगच्या मैदानावर हे शब्दशः घडते. लगाम धरलेला हात कडक की मऊ, यावर घोड्याच्या तोंडातली जखम ठरते. घोडा वापरावा की नाही, हा वाद चालू राहील. वापरणारा हात कसा आहे, हे मात्र दर तासाला तपासता येते. शिवाय पुण्यातल्या महागाईत काम असलेल्या घोड्याला रोज चंदी मिळते, बिनकामाच्याला कोणाची तरी मर्जी असेल तोवर. काम घोड्याच्या पायांना झेपेल असे हवे, ही अट त्यात आलीच.

त्याच अध्यायात ज्ञानेश्वर दोन मतांची खिल्ली उडवतात. पाऊस पडावा म्हणून पशू मारणाऱ्या याज्ञिकाची, आणि एक जीव वाचवायला दुसऱ्याला ओरबाडणाऱ्या वैद्याची. नांदती घरे मोडून त्यांची देवळे बांधावीत, तशी ही अहिंसा, असे त्यांचे म्हणणे. पुण्याच्या घोड्यांच्या बाबतीत ही टीका अनपेक्षित ठिकाणी जाऊन लागते. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ सालचा. निवृत्त घोडे तिथून मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. घोड्याला विषाचा सौम्य डोस वाढत्या प्रमाणात टोचला की त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. ते रक्त काढून धनुर्वाताचे आणि सर्पदंशाचे औषध बनते. घोडे आपलेच, तर औषधही आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगाला लस पुरवणाऱ्या संस्थेची मुळे अशी धाव संपलेल्या घोड्यांत आहेत.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशावर आजही घोड्याच्या रक्ताचेच औषध चालते. भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यातली. भातलावणीत घोणस चावलेल्या बाईला वैद्याची टीका ऐकवणे कोणालाही जमणार नाही. पण ज्ञानेश्वरांचा टोला त्यामुळे रद्द होत नाही. ती बाई वाचली तरी घोड्याचे रक्त गेले, आणि ते त्याने दिले नाही, घेतले गेले. दान म्हटले की घेणारा मोकळा होतो. घेतले म्हटले की सुई किती वेळा, विश्रांती किती, आणि रक्त आटल्यावर पुढे काय, हे विचारावे लागते.

शेवटचा प्रश्न मरणाचा. पाय मोडलेल्या घोड्याला रेसकोर्सवर इंजेक्शन देऊन संपवतात, कारण तो तीन पायांवर जगू शकत नाही आणि त्याला महिनोन्‌महिने झोपवून ठेवता येत नाही. पांजरपोळाची परंपरा याच्या उलट आहे. मुंबईची पांजरपोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने निघाली. तिथे जनावर आपल्या मरणाने मरावे, हा दंडक. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववले, तेव्हा गुजरातेत, विशेषतः जैन मंडळींत, मोठा गहजब झाला. गांधीजींची बाजू अशी होती की वेदना थांबवण्याचा दुसरा मार्ग उरला नसेल आणि त्यात आपला स्वार्थ नसेल, तर ती हिंसा नव्हे. रायडिंग स्कूलच्या म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत अडचण त्या दुसऱ्या अटीची असते. चंदीचे, वैरणीचे, नालबंदाचे आणि डॉक्टरांचे बिल महिन्याला येत असताना, निर्णय घोड्याच्या दुखण्यासाठी घेतला की बिलासाठी, हे घेणाऱ्यालाही नेहमी सांगता येत नाही. म्हणून जिथे जमते तिथे हा निर्णय पैसे भरणाऱ्यावर न सोडता डॉक्टर आणि सईस यांच्यावर सोपवतात. घोडा चंदीजवळ येतो का, झोपून उठता येते का, खरारा करताना कान मागे पाडतो का, हे सईसाला आधी कळते.