भोवळ

दिवाळीला मी अंकुशनगरला भावाकडे जाते, तेव्हा तिथे गळीत हंगामाची लगबग असते. उसाच्या गाड्या, मळीचा आंबूस-गोड वास आणि या साऱ्यावर उभे असलेले कारखान्याचे उंच धुराडे. भाचा लहान असताना एकदा त्या धुराड्याखाली उभा राहून किंचाळला होता, "आत्या, ते पडतंय!" वर ढग पळत होते, म्हणून धुराडेच कलंडते आहे असे भासत होते. मी त्याचे बोट घट्ट धरले नि म्हटले, "धुराडं नाही रे, ढग पळताहेत."

तोच भाचा आता पुण्याला शिकतो. यंदा फराळ आटोपल्यावर त्याने मला एक जुना लघुपट दाखवायला बसवले. प्रमोद पती यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी १९६८ साली केलेला 'एक्सप्लोरर'. लांबी सातेक मिनिटांची. गोष्ट अशी नाहीच. नाचणारी तरुण मंडळी, यंत्रे, पूजाअर्चा. एक चित्र डोळ्यांत ठरते न ठरते तोच दुसरे त्यावर आदळते. तिसऱ्या मिनिटाला मी खुर्चीचा हात धरला आणि डोळे मिटून घेतले.

मला रागच आला. काही वर्षांपूर्वी कानाच्या विकाराने मला खरीखुरी भोवळ येत असे. आपल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कुठे वळले याची वर्दी त्यांतल्या द्रवामुळे मेंदूला मिळते. ही वर्दी आणि डोळ्यांची साक्ष जुळेनाशी झाली, की घर फिरू लागते. स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत मी भिंत धरून जात असे. पायाखालची जमीन जिने अशी गमावली आहे, तिच्या पायाखालून कलेच्या नावाने ती पुन्हा काढून घ्यावी, हा अधिकार कलावंताला दिला कुणी?

"पण आत्या," भाचा म्हणाला, "आपली नजर किती कच्ची आहे, ते एरवी कळणार कसं?"

त्याचे म्हणणे पटले नाही, पण झटकूनही टाकता येईना. कारण मला मंगळागौरीची फुगडी आठवली. ती आम्ही घालत होतो कशासाठी? घेरी यावी म्हणूनच ना! हातांची अढी, पायांशी जुळवलेले पाय, मागे झोकून दिलेले अंग. गरगरता गरगरता माजघर नाहीसे होई नि समोरचा एक चेहरा तेवढा उरे. थांबल्यावरही खांब फिरत राहत आणि आम्ही हसत सुटत असू. शरीराच्या लेखी ही घेरी आणि ती भोवळ फारशी वेगळी नसेल. पण इथे मी आपखुशीने फिरत होते, आणि मला फिरवणारीही माझ्याबरोबर फिरत होती. तिने हात सोडला असता तर दोघीही पडलो असतो.

मग कलावंताने आधी बजावून ठेवावे काय? अमेरिकेतल्या टोनी कॉनराड यांच्या १९६६ सालच्या 'द फ्लिकर' या चित्रपटात काळ्या-पांढऱ्या चौकटींची लुकलुक आहे. तशा लुकलुकीने काहींना फेफरे येऊ शकते, म्हणून आरंभीच प्रेक्षकाला सावध केले आहे. देहाला अपाय होणार असेल तिथे रसभंगाची सबब चालायची नाही. पण मनाच्या प्रत्येक हिसक्याची आगाऊ सूचना कोण देणार? धुराड्याखालच्या पोराला तरी ती कुठे मिळाली होती? मला कलावंताकडून एवढेच हवे, की त्याने काठावर उभे राहून माझी गंमत पाहू नये. मला फिरवताना त्याचेही डोके फिरलेले असावे.

"राहिलेला भाग लाव," मी म्हटले. भाचा शेजारी येऊन बसला. चक्कर या वेळीही आली, पण डोळे मी उघडेच ठेवले.

संध्याकाळी आकाशकंदील लावायला आम्ही अंगणात आलो. धुराड्यावरून ढग चालले होते. पळताहेत ते ढगच, हे मला पक्के ठाऊक होते. तरी ते कलंडलेच. ठाऊक असल्याने भोवळ थांबत नाही. भीती मात्र थांबते, आणि तीही बहुधा शेजारी कुणीतरी उभे असते म्हणून.