आधी लाकूड वाचावे
(श्रमिक संत योसेफ यांच्या सणानिमित्त)



१ मे रोजी ख्रिस्तसभा श्रमिक संत योसेफचा सण साजरा करते. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. शुभवर्तमानात योसेफच्या तोंडचा एकही शब्द आलेला नाही, पण त्याच्या धंद्याची नोंद मात्र आली आहे. तो सुतार होता. म्हणून यंदा आपण थोडा वेळ सुतारकामाकडेच वळू या.

आपल्या धर्मग्रामातील एक आजोबा निवृत्तीनंतर हौसेने लाकडी खेळणी करतात. नातवासाठी त्यांनी शिवणीच्या लाकडातून वीतभर उंचीचा घोडा कोरायला घेतला. सुरुवात कुठून करता, असे विचारल्यावर ते म्हणाले, "फादर, आधी लाकूड वाचायचं, मग पटाशी हातात घ्यायची."

लाकूड वाचायचे म्हणजे त्याच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते पाहायचे. घोड्याचे चारही पाय बारीक असतात. रेषा पायांच्या लांबीने उभ्या आल्या, तर ते बारीक पायही भार पेलतात. त्याच रेषा आडव्या आल्या, तर घोडा दिसायला सुबक होईल, पण मुलाच्या हातून एकदा पडला की पाय कट्कन मोडेल. रेषा उभ्या ठेवल्या, तर पाठीवर मात्र लाकडाचा आडवा छेद येतो आणि तो तासायला फार जड जातो. म्हणजे कोणीतरी त्रास सोसायलाच हवा. चांगला कारागीर तो त्रास स्वतःच्या मनगटावर घेतो, घोड्याच्या पायांवर टाकत नाही.

पटाशीही रेषेच्या कलानेच चालवावी लागते. कलाने चालवली की पातळ ढलपी निघते. उलट चालवली की पटाशी आत घुसते आणि नको तिथला तुकडा उडतो. मानेच्या बाकावर तर हा कल मध्येच बदलतो, तेव्हा घोडा फिरवून दुसऱ्या बाजूने यावे लागते. पटाशी बोथट असेल, तर जोर लावावा लागतो. मग ती निसटते आणि कधी लाकूड, तर कधी स्वतःचा हात कापते.

बंधू-भगिनींनो, हे दिवस परीक्षांच्या निकालांचे आणि प्रवेशांचे आहेत. मुलगी म्हणते, मला आर्ट्सला जायचे आहे. घर सायन्ससाठी हटून बसते. मुलाचा जीव वाडीत किंवा गॅरेजमध्ये रमतो; बापाला तो इंजिनीअर झालेला हवा असतो, कारण शेजारचा झाला आहे. आपण घोड्याचे चित्र आधी काढतो आणि लाकूड नंतर पाहतो. मग घरात बोलणी, टोमणे, तुलना सुरू होतात. रागाची ही पटाशी बोथट असते. ती घडवत नाही, फक्त चिरफळ्या उडवते. निकालानंतर वर्तमानपत्रांत येणाऱ्या मुलांच्या बातम्या वाचून आपण हळहळतो. ती मुलेही कोणाच्या तरी घरातलीच होती, हे विसरू नये.

याचा अर्थ मुलांना मोकाट सोडावे असा नाही. पटाशी लागल्याशिवाय ओंडक्याचा घोडा होत नाही. नाझरेथच्या घरातही शिस्त होती. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडल्यावर आईवडिलांबरोबर परत आला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, असे संत लूक सांगतो. मत्तयकृत शुभवर्तमानात लोक येशूला सुताराचा मुलगा म्हणतात; मार्ककृत शुभवर्तमानात ते त्यालाच सुतार म्हणतात. म्हणजे बापाची विद्या मुलाने घेतली होती. पण मंदिरात येशू आपल्या स्वर्गीय पित्याविषयी बोलला, तेव्हा मरियेला आणि योसेफला त्याचे बोलणे उमगले नाही. तरीही त्यांनी त्याच्या वाटेला आडकाठी केली नाही. जे उमगले नाही, ते मरियेने अंतःकरणात जपून ठेवले. पुढे येशूने हत्यारे खाली ठेवली आणि पित्याचे कार्य हाती घेतले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफविषयी 'पात्रिस कोर्दे' हे पत्र प्रसिद्ध केले. खरा बाप मुलावर मालकी सांगत नाही, त्याला स्वतःच्या पायांवर चालायला मोकळे करतो, असा बोध त्यांनी त्यात केला आहे. मूल आपल्या हाती सोपवलेले असते. त्याच्यातील रेषा आपण आखलेल्या नाहीत. ज्या परमेश्वराने ते झाड वाढवले, त्याने त्या आखल्या आहेत. एखाद्या मुलात गाठ असते. ते हट्टी असते, अभ्यासात मागे असते, अबोल असते. गाठीपाशी कारागीर घाई करत नाही. तिथे तो हात हलका करतो आणि थोडे थोडे तासतो. देवही आपल्याशी असाच वागत आला आहे. आपल्यातील गाठी पाहून त्याने आपल्याला सरपणात टाकलेले नाही.

या आठवड्यात प्रत्येक आईवडिलांनी एक गोष्ट करावी. संध्याकाळच्या रोझरीनंतर टीव्ही बंद ठेवून मुलाजवळ बसावे आणि त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, ते विचारावे. मधे न बोलता ऐकून घ्यावे. गुणांचा विषय त्या दिवशी काढू नये. आणि ज्यांची मुले मोठी होऊन दुरावली आहेत, त्यांनी एक फोन करावा. मोडलेला पायही नीट जुळवून, सरस लावून, धीराने बांधून ठेवला तर पुन्हा उभा राहतो.

हे संत योसेफा, आमच्या हातांना तुझा धीर दे. देवाने आमच्या लेकरांत जे लिहिले आहे, ते वाचण्याची दृष्टी आम्हाला मिळावी, म्हणून प्रभूजवळ आमच्यासाठी प्रार्थना कर. आमेन.