दुभंगलेल्या शहराचा कारभार

सायप्रसचे बेट १९६० साली ब्रिटिश अंमलातून मुक्त झाले, तेव्हा दोन समाजांमधील अविश्वासाला कागदावर बांधून ठेवण्यासाठी त्याच्या राज्यघटनेत ज्या अनेक तरतुदी केल्या गेल्या, त्यांत १७३ वे कलम वरवर पाहता अगदी किरकोळ होते. राष्ट्राध्यक्ष ग्रीक असावा आणि उपराष्ट्राध्यक्ष तुर्की, सरकारी नोकऱ्यांची वाटणी सत्तरास तीस अशी व्हावी आणि फौजेतील जागांची साठास चाळीस अशी, या गोष्टी राज्याच्या माथ्यावरच्या होत्या. हे कलम मात्र निकोसिया, लिमासोल, फामागुस्ता, लार्नाका आणि पाफोस या पाच शहरांमध्ये दोन्ही समाजांच्या नगरपालिका वेगवेगळ्या असाव्यात, एवढेच सांगत होते. तरीही नव्या राज्याची घडी ज्या तंट्यांपायी तीनच वर्षांत विसकटली, त्यांत नगरपालिकांचा तंटा अग्रभागी होता. ज्या गल्लीत एका भिंतीआड ग्रीक सुतार आणि दुसऱ्या भिंतीआड तुर्की चर्मकार राहत होता, तिची हद्द कोठे आखावयाची, या प्रश्नाचा निकाल लागेना. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि तेथेही त्याची तड लागली नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी घटनेत जे तेरा बदल सुचविले, त्यांत नगरपालिका एक कराव्यात हाही एक होता. तुर्की पक्षाला त्या तेरा कलमांत आपल्या संरक्षणाचा अंत दिसला, आणि नाताळच्या सुमारास निकोसियाच्या रस्त्यांवर बंदुका सुरू झाल्या.

मला जे म्हणावयाचे आहे ते येथूनच निघते. शहरांमधील वैराची चर्चा करताना आपण धर्म, वंश, इतिहास आणि अस्मिता यांच्याविषयी बोलतो, आणि शांततेची चर्चा करताना हृदयपरिवर्तनाविषयी. परंतु हृदये बदलण्याची वाट पाहत बसलेली शहरे मी इतिहासात शोधतो तेव्हा ती बहुधा वाट पाहतानाच उद्ध्वस्त झालेली आढळतात. ज्या शहरांना पुन्हा श्वास घेता आला, तेथे कोणीतरी दोन्ही बाजूंना नाकारता न येणारे एखादे सामायिक काम प्रथम हाती घेतले, ते प्रेमावाचून, प्रसंगी शत्रुत्व कायम ठेवूनच, वर्षानुवर्षे चालविले, आणि मग त्या कामाच्या आधाराने माणसे एकमेकांसमोर बसावयास शिकली. निकोसियाची हकिकत विस्ताराने सांगावीशी वाटते ती याच कारणासाठी.

व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी सोळाव्या शतकात अकरा बुरुजांची वर्तुळाकार तटबंदी बांधून ठेवलेल्या या नगरातून पूर्वी पेडिओस नदी वाहत असे. तटाच्या बांधणीसाठी नदीला बाहेर वळवले गेले, आणि तिच्या जुन्या पात्रावर कालांतराने शहराची मुख्य बाजारपेठ उभी राहिली, जीत ग्रीक, तुर्की आणि आर्मेनियन दुकानदारांची दुकाने एकमेकांना लागून होती. ३० डिसेंबर १९६३ रोजी ब्रिटिश सेनानी पीटर यंग यांनी शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने युद्धविरामाची रेघ ओढली, ती बरीचशी याच पेठेवरून गेली. दुसऱ्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी हे भारतीय होते, आणि त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या १९६५ च्या डिसेंबरात तेथेच, त्या पदावर असताना निवर्तले; सायप्रसने पुढील वर्षी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. जुलै १९७४ मध्ये अथेन्सच्या लष्करशहांच्या चिथावणीने मकारिओस यांच्याविरुद्ध बंड झाले, पाच दिवसांत तुर्कस्तानची फौज उतरली, आणि ऑगस्टच्या मध्यास लढाई थांबली तेव्हा बेटाचा सुमारे ३७ टक्के भूभाग उत्तरेच्या ताब्यात गेलेला होता. त्या धुमश्चक्रीत निकोसियाचा विमानतळ उभय पक्षांच्या तोफांतून वाचला, कारण आणखी एक भारतीय सेनापती, प्रेमचंद, यांनी तो संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली घेतला. दीड लाखांहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे आणि सुमारे पंचेचाळीस हजार तुर्क उत्तरेकडे, मागे घरांना कुलपे लावून, निघून गेले. आणि नकाशावरची रेघ १८० किलोमीटर लांबीचा, काटेरी तारांनी वेढलेला निर्मनुष्य पट्टा होऊन बसली.

जमिनीवर अशी वाटणी पुरी झाली तरी जमिनीखाली ती होईना. युद्धापूर्वी संपूर्ण शहरासाठी एकच मलनिःसारण योजना जागतिक बँकेच्या कर्जातून आखली गेली होती. निकोसियाचा उतार ईशान्येकडे आहे, त्यामुळे सांडपाणी शुद्ध करण्याची तळी मिया मिलिया या गावानजीक घेतली होती. युद्धानंतर हे गाव उत्तरेच्या अंमलाखाली आले, तर सांडपाण्याचा मोठा वाटा दक्षिणेतून येणार होता. नळ पुरलेले, पैसा खर्ची पडलेला, आणि योजना कोरडी. घराघरांतून मात्र शोषखड्डे होते. ते तुंबत, उपसावे लागत, आणि जुन्या नगरातील विहिरींच्या पाण्याविषयी कोणालाच खात्री देता येत नसे. पाणी उताराकडे जाते आणि त्याला युद्धविरामाची कलमे ठाऊक नसतात. तेव्हा दक्षिणेने उत्तरेचा आधार घेतल्यावाचून आणि उत्तरेने दक्षिणेच्या नळाला तोंड जोडून दिल्यावाचून दोघांचीही सुटका नव्हती.

दक्षिण निकोसियाचे नगराध्यक्ष लेलोस देमेत्रियादिस आणि उत्तर निकोसियाचे मुस्तफा आकिंजी १९७८ साली या प्रश्नावर एकत्र आले. युद्ध होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. हजारो कुटुंबे निर्वासितांच्या वसाहतींत होती आणि बेपत्ता माणसांच्या आया त्यांची छायाचित्रे घेऊन चौकाचौकांत उभ्या राहत होत्या. अशा वेळी पलीकडच्या माणसाशी वाटाघाट करणे म्हणजे स्वपक्षाशी द्रोह, असे म्हणणारे दोन्हीकडे होते. त्याहून बिकट अडचण दर्जाची होती. दक्षिणेच्या सरकारला उत्तरेतील नगरपालिकेचे अस्तित्वच मान्य नव्हते, म्हणून त्या नगरपालिकेच्या अध्यक्षाच्या सहीचा दस्तऐवज स्वीकारणे म्हणजे फाळणीला मान्यता देणे ठरले असते. आणि ती मान्यता मिळाल्याखेरीज काहीही न करण्याचा आग्रह उत्तरेनेही धरला असता, तर त्यात तर्कदृष्ट्या वावगे काही नव्हते. या दोघांनी तो प्रश्न तहकूब ठेवला. निकोसियातील दोन समाजांचे प्रतिनिधी एवढ्याच नात्याने ते बसले, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मध्यस्थी केली, आणि १९८० च्या सुमारास दोन्हीकडचे सांडपाणी त्याच तळ्यांकडे वाहू लागले.

या कृतीचे मोल मला फार मोठे वाटते. सार्वभौमत्वाचा निकाल लागेपर्यंत काहीच करू नये, ही वृत्ती वरवर तत्त्वनिष्ठ दिसते; पण तिचा भार कोणावर पडतो ते पाहिले पाहिजे. तो पडतो तुंबलेल्या खड्ड्याशेजारी लेकरे वाढविणाऱ्या बाईवर, आणि तिची फिर्याद ऐकण्याचे दफ्तर ना या सरकारात असते ना त्या सरकारात. देमेत्रियादिस आणि आकिंजी यांनी आपापल्या पक्षाच्या मूळ मागण्यांतील एक अक्षरही सोडले नाही; त्यांनी फक्त त्या बाईला ओलीस ठेवण्याचे नाकारले.

दरम्यान, १९७९ च्या ऑक्टोबरात दोघांनी संपूर्ण शहराचा एक बृहत् आराखडा मिळून करावयाचे ठरविले. दोन्हीकडचे नगररचनाकार आणि अभियंते एका मेजाभोवती बसले, आणि त्यांनी जे केले त्यात मुत्सद्देगिरीहून मोठी दृष्टी होती: शहर दुभंगलेलेच राहिले तर काय करावे आणि ते उद्या एक झाले तर काय करावे, या दोन्ही शक्यता त्यांनी आराखड्यात धरल्या. आपल्या बाजूचा रस्ता असा काढावयाचा की उद्या तो पलीकडच्या रस्त्याला मिळू शकेल; पट्ट्यालगत असे काही बांधावयाचे नाही की ज्यामुळे जोडणी कायमची अशक्य व्हावी. रेघेला चिकटलेल्या, ओस पडत चाललेल्या वस्त्यांचा जीर्णोद्धार जोडीने हाती घेतला गेला, दक्षिणेत क्रिसालिनिओतिसा आणि उत्तरेत अरब अहमद. जुनी घरे दुरुस्त करून तेथे तरुण कुटुंबे वसवली गेली. या कार्यास २००७ साली वास्तुकलेचे आगाखान पारितोषिक मिळाले.

याउपर कोणी विचारील की, इतके करूनही सायप्रसचा प्रश्न सुटला काय? तो सुटलेला नाही, आणि हा आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९६ च्या ऑगस्टमध्ये देरिनिया येथे त्या निर्मनुष्य पट्ट्यात दोन ग्रीक तरुण मारले गेले. २००४ च्या एप्रिलमध्ये कोफी अन्नान यांच्या योजनेवर सार्वमत झाले, त्यात उत्तरेच्या ६५ टक्के मतदारांनी होकार दिला आणि दक्षिणेच्या ७६ टक्क्यांनी नकार. एके काळी सांडपाण्याची बोलणी करणारे आकिंजी २०१५ मध्ये उत्तरेचे प्रमुख झाले, दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमधील क्राँ-मोंतानाच्या वाटाघाटी तडीस जातील असे वाटत असतानाच मोडल्या, आणि २०२० च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. सामायिक कारभार हा तहनाम्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही २३ एप्रिल २००३ रोजी रेघेवरची नाकी एकाएकी उघडली, तेव्हा जे घडले तेही ध्यानात घ्यावयास हवे. एकोणतीस वर्षे एकमेकांस न पाहिलेले लोक हजारोंनी दोन्ही दिशांनी गेले, आपापल्या जुन्या घरांच्या दारांवर थाप मारते झाले, आणि रक्तपात झाला नाही; कित्येक ठिकाणी आत राहणाऱ्यांनी जपून ठेवलेली लग्नाची छायाचित्रे काढून दिली. २०११ साली दक्षिणेत नाविक तळावरील स्फोटाने मुख्य वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले, तेव्हा उत्तरेतून वीज आली. ही माणुसकी निव्वळ नळांमुळे जगली असा दावा मी करीत नाही. परंतु पलीकडे हिशेब देणारा, शब्द पाळणारा कोणी आहे, हा अनुभव त्या शहराच्या दफ्तरात पंचवीस वर्षे नोंदला जात होता, हे विसरून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र नगरपालिकेच्या कक्षेबाहेरची आहे, आणि ती मृतांची. १९६३ पासून १९७४ पर्यंतच्या हिंसाचारात नाहीशा झालेल्यांची अधिकृत यादी २००२ नावांची आहे: १५१० ग्रीक आणि ४९२ तुर्की. त्यांचा शोध घेण्यासाठी १९८१ साली दोन्ही समाजांची समिती नेमली गेली, पण उत्खननाला खरी गती आली ती २००६ पासून. प्रेमचंद यांनी वाचविलेल्या त्याच विमानतळाच्या आवारात तिची प्रयोगशाळा आहे. लांब मेजांवर अस्थी शरीराच्या क्रमाने मांडलेल्या असतात, कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत. शेजारी मातीतून निघालेले घड्याळ, बुटाचा तळ, सदऱ्याच्या गुंड्या. ग्रीक आणि तुर्की शास्त्रज्ञ त्या अस्थी मिळून जुळवितात, ओळख पटली की आप्तांना बोलावून शांतपणे सांगतात, आणि अस्थी विधीसाठी स्वाधीन करतात. निम्म्याहून अधिक जणांची ओळख आता पटली आहे. मारणारा कोण, हे या समितीने सांगावयाचे नाही, असे तिच्या अधिकारपत्रातच ठरले आहे. न्यायाच्या दृष्टीने ही उणीव जिव्हारी लागणारी आहे; पण ही अट नसती तर खड्ड्याची जागा दाखवावयास साक्षीदार पुढे आले असते, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे सामायिक कामाच्या या विचाराची कसोटी भिवंडीत लागली. यंत्रमागांच्या त्या गावात १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून आणि १९८४ मध्ये पुन्हा, अशा दोन भीषण दंगली झाल्या. पहिलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांनी केली. सुरेश खोपडे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तेथे गेले. दंगलीनंतर पुढाऱ्यांच्या शांतता समित्या बसविण्याची जी सरकारी वहिवाट होती, ती सोडून त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून सामान्य हिंदू-मुसलमानांच्या सत्तरच्या आसपास समित्या उभ्या केल्या, आणि शिपायापासून अंमलदारापर्यंत सर्वांना त्यांच्या बैठकांशी बांधून घेतले. तेथे ऐक्यावर व्याख्याने होत नसत. नळावरची भांडणे, दुचाकीचा धक्का, पोराने काढलेली छेड अशा कज्ज्यांचा निवाडा होई, आणि अफवा उठली तर ती कोणाला विचारून पडताळावयाची हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असे. सूत विकणारा व्यापारी बहुधा हिंदू आणि माग चालविणारा बहुधा मुसलमान, असे परस्परावलंबन गावात पूर्वीपासून होतेच. समित्यांनी त्याला बसावयास जागा दिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे जुलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने हा प्रयोग मुंबईतही आला.

पण भिवंडीची व्यवस्था एका अधिकाऱ्याच्या कर्तृत्वावर उभी होती आणि अधिकाऱ्याची बदली होते. २००६ साली त्याच गावात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव उसळला, गोळीबारात माणसे मेली आणि दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. निकोसियात आकिंजी १९९० मध्ये पायउतार झाले, देमेत्रियादिस २००१ मध्ये, आणि तरी दोन्हीकडच्या अभियंत्यांच्या बैठका चालू राहिल्या, कारण तळ्यांचा खर्च, दुरुस्ती आणि पाण्याची तपासणी यांचे करारमदार कोणा एका व्यक्तीशी बांधलेले नव्हते; मिया मिलियाला जुन्या तळ्यांच्या जागी युरोपीय संघाच्या साहाय्याने नवे शुद्धीकरण केंद्र उभारले गेले, तेही दोहोंचे मिळूनच. म्हणून मोहल्ला समित्यांना नगरपालिकांच्या अधिनियमात स्थान मिळावे, त्यांना आपले दफ्तर, आपला चिटणीस आणि अंदाजपत्रकात आपली स्वतंत्र बाब असावी, आणि नव्याने बदलून आलेल्या प्रत्येक ठाणे अंमलदारास पहिल्याच महिन्यात त्यांच्या बैठकीला हजर राहणे कायद्याने भाग पाडावे, असे माझे मागणे आहे.