बंपरमागचा पत्रा

दहा नंबरचा पाना जागेवर नव्हता. तो कधीच नसतो. जपानी गाडीचा निम्मा संसार त्या एका पान्यानं उघडतो आणि नेमका तोच पेटीतून गायब असतो. एप्रिल २०२३ मधल्या त्या शनिवारी तो शेवटी मैत्रिणीच्या नवऱ्याच्या पेटीत सापडला. गाडीही त्यांच्याच दारात उभी होती. मी न्यू जर्सीत, एडिसनमध्ये ज्या अपार्टमेंटमध्ये राहते, तिथल्या पार्किंगमध्ये गाडी खोलायला बंदी आहे.

गाडी म्हणजे माझदा मियाटा, १९९५ची, लाल. दोन सीटा, कापडी छप्पर, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून टुणकन वर येणारे हेडलाइट. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून जगभरच्या कमी पगाराच्या आणि जास्त हौसेच्या माणसांची ती स्पोर्ट्स कार आहे. मी ती वर्षभरापूर्वी साडेसहा हजार डॉलरना घेतली होती.

मला त्या दिवशी मागचा बंपर काढून त्याची खालची कड कापायची होती. या मॉडेलचा मागचा बंपर खालून पोकळ असतो. गाडीखालून येणारी हवा त्यात अडकते आणि तो पॅराशूटसारखं काम करतो, म्हणून रेसवाले त्याची कड कापतात. मी काही रेसवाली नाही. ऑफिसला जाताना ताशी ७० मैलांच्या वर गेले तर मलाच धडधडतं. खरं कारण एवढंच, की कापलेला बंपर दिसतो भारी.

मागचे दिवे काढले, डिकीच्या आतले नट सोडवले, चाकांच्या कमानीतले स्क्रू काढले. प्लॅस्टिकच्या क्लिपा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, त्यातल्या बऱ्याच हातात मोडून आल्या. बंपर निघाला. त्या अवजड दिसणाऱ्या वस्तूचं वजन किती कमी असतं, हे पहिल्यांदा उचलणाऱ्याला खोटंच वाटतं. जुन्या चादरीवर ठेवून मी त्याच्यावर कापायच्या रेघेची टेप लावायला घेतली, आणि मग गाडीच्या उघड्या पाठीकडे लक्ष गेलं.

बंपरच्या आत जी आडवी तुळई असते, ती डाव्या बाजूला आत दबलेली होती. तिच्यामागचा पत्रा चुरगळून परत ओढून काढलेला, त्यावर बोटभर जाडीची लांबी भरलेली, वर लाल रंग. अंगठ्यानं दाबलं तर लांबीचा एक तुकडा बिस्किटासारखा सुटून हातात आला. डिकीतला गालिचा उचलला, तर कोपऱ्यात वेल्डिंगची ओबडधोबड रेघ. कारखान्यातलं वेल्डिंग असं नसतं. कधीतरी कुणीतरी या गाडीला मागून चांगलंच ठोकलं होतं.

ज्या गृहस्थांकडून मी गाडी घेतली, त्यांनी अपघात झालेला नाही असं सांगितलं होतं. गाडीच्या इतिहासाचा विकतचा रिपोर्टही कोरा होता, पण अशा रिपोर्टात तेवढंच येतं, जे कुणीतरी कुठेतरी नोंदवलेलं असतं. मी त्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘पाच वर्षं माझ्याकडे होती. बंपर कधी काढला नाही.’ हे खरं असेल. खोटंही असेल. त्यांच्या आधी आणखी मालक होते.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथला माणूस म्हणाला, चाकं सरळ आहेत, गाडी सरळ चालते, चालव. पुन्हा मागून धडक बसली तर हा पत्रा किती धरेल, ते मात्र मी लिहून देणार नाही.

बंपर कापायची इच्छा मेली होती. मी नव्या क्लिपा आणल्या आणि तो होता तसा परत लावला. माझा प्रश्न तिथे सुरू झाला. सकाळी त्याच जागी तोच बंपर होता आणि मी निर्दोष होते. संध्याकाळीही तोच बंपर, त्याच जागी. पण आता त्याचा प्रत्येक स्क्रू मी आवळलेला होता, आणि काय झाकतेय ते मला ठाऊक होतं.

थोडं विषयांतर करते, पण बंपरची गोष्टच तशी आहे. पूर्वी तो क्रोमचा दांडा असायचा. ठोकर बसली की वाकायचा, आणि वाकलेला सगळ्या गावाला दिसायचा. मग १९७३च्या मॉडेलपासून अमेरिकेनं नियम आणला, की कमी वेगाच्या धडकेत दिवे, इंधनाची टाकी वगैरे शाबूत राहिली पाहिजे. त्या नियमाचे पाय धरता धरता ब्रिटिशांच्या देखण्या एमजीबीवर १९७४ साली काळ्या रबराचे थोराड बंपर आले. अजूनही लोक ते उपटून जुने क्रोमचे लावतात. पुढे सगळ्यांनीच तडजोड केली. आत तुळई, मध्ये फोम वगैरे, आणि वर गाडीच्या रंगाचं लवचिक प्लॅस्टिकचं कातडं. आज आपण ज्याला बंपर म्हणतो, ते हे कातडं. ते धडक खातं, आत जातं आणि पुष्कळदा परत जागेवर येतं, काही झालंच नाही असं. आतली तुळई मात्र लक्षात ठेवते.

वर्षभर मी ती गाडी तशीच चालवली. धोका माझा, मर्जी माझी. असं मी स्वतःला सांगत होते, पण शेजारच्या सीटवर अनेकदा तीच मैत्रीण असायची, जिच्या दारात मी गाडी खोलली होती. त्या शनिवारी ती घरात नव्हती. आणि मी तिला ते कधी बोलले नाही.

२०२४च्या उन्हाळ्यात नोकरी गेली. माझ्या व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. सोफा, टीव्ही, सायकल आणि मियाटा यांची जाहिरात मी एकाच रात्री टाकली. गाडीची किंमत लिहिली सात हजार डॉलर. खाली लिहिलं, ‘जशी आहे तशी’. इथे दोन माणसांमधल्या जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हे शब्द सर्रास असतात. अर्थ असा, की घेताना बघून घ्या, नंतर माझ्याकडे यायचं नाही. ते टाइप करताना मला हसू आलं. जशी आहे तशी ती दिसू नये, म्हणूनच तर मी बंपर परत लावला होता.

हा प्रश्न माझ्याआधी दोन हजार वर्षांपूर्वी एका रोमन माणसानं लिहून ठेवलाय, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी विसरले होते. इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरोनं अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक माणूस घर विकतोय. बाहेरून घर झकास. आतली लाकडं कुजलीत आणि झोपायच्या खोल्यांमधून साप निघतात, पण हे मालकाशिवाय कुणाला माहीत नाही. त्यानं गिऱ्हाइकाला सांगावं का? सिसेरो यावर दोन तत्त्वज्ञांना भांडायला लावतो. बॅबिलोनचा डायोजिनिस, आणि त्याचाच शिष्य अँटिपेटर. गुरू म्हणतो, कायद्यानं जेवढं सांगायला लावलंय तेवढं सांग. न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. घ्या म्हणून कुणी बळजबरी केली नव्हती. शिष्य म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं हेच जिथे पाप, तिथे तू तर माणसाला जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लावतोयस.

वाचायला सोपं आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूनं उभा राहतो, आपणही राहतो. मात्र सिसेरोचा व्हिसा संपत नव्हता.

माझ्या बाजूनं एक जरा हुशार युक्तिवाद होता. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध छापून आला. आधी नियतकालिकांनी तो साभार परत केला होता, नंतर २००१ साली त्याच कामासाठी नोबेल मिळालं. सार असं, की विकणाऱ्याला गाडीचं खरं रूप माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांत खोट आहे असं धरून भाव पाडतो, आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. मी म्हटलं, बघा! सात हजारांत माझ्या लबाडीची किंमत आधीच वजा झालेली आहे. घेणारा मला चोर समजूनच येणार, त्याच हिशोबानं पैसे देणार. मग मी खरं बोलून आणखी पैसे का घालवू?

दोन रात्री मला यात खोट सापडली नाही. मग सापडली. भावातली ती सूट सगळ्या गाड्यांवर पसरलेली असते. चुरगळलेला पत्रा मात्र एकाच गाडीत असतो, आणि तिच्यात एकच पाठ टेकणार असते.

त्या आठवड्यात बाबांशी बोलणं झालं. नोकरीचं सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, ‘बाबा, आपली मारुती आठवते? पांढरी?’

‘न आठवायला काय झालं? एटहंड्रेड. २००४ला काढली.’

‘त्या मॅटचं काय होतं?’

ते गप्प झाले. मी तेव्हा आठवीत होते. नाशिकच्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडून भोक पडलं होतं. मॅट बाजूला केली की खालून पळणारा रस्ता दिसायचा, मला ती गंमत वाटायची. गाडी बघायला माणूस येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी नवी कोरी मॅट आणली. हिशोबात आठ आण्यांची चूक निघाली तर दुकानात परत जाणारा हा माणूस.

‘त्यानं विचारलं नाही,’ बाबा म्हणाले. ‘विचारलं असतं तर सांगितलं असतं.’

‘मग नवी मॅट कशाला आणलीत?’

यावर ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘अगं, तुझी फी भरायची होती.’ मग जरा थांबून, ‘त्याच्यापुढे कधी पडलो तर मी रस्ता ओलांडायचो. दोन वर्षं. तू तुझं बघ, मी काही सांगणार नाही.’

बाबांनी उच्चारलेलं वाक्य डायोजिनिसच्याच बाजूचं होतं, आणि त्यांनी सिसेरो वाचलेला नाही. पण डायोजिनिसची बाजू जिथे लंगडी पडते, ती जागाही मला त्या फोनवर दिसली. न सांगणाऱ्याला नवी मॅट आणावी लागत नाही. जुनी मॅट तशीच ठेवून बाबा गप्प बसले असते, तर ते मौन म्हणता आलं असतं. मॅट विकत आणली त्या क्षणी मौन संपलं आणि कामाला सुरुवात झाली. मीही नव्या क्लिपा आणल्या होत्या. तेव्हा विकायचा विचार नव्हता, हे खरं. पण आता तो बंपर जागेवर ठेवून गाडी दाखवणं म्हणजे तेच काम पुढे चालू ठेवणं होतं.

हे सगळं मी फार उदात्तपणे केलं असं समजू नका. मला रस्ता ओलांडायचा नव्हता, एवढंच. तेही हास्यास्पद, कारण महिन्याभरात मी कदाचित दुसऱ्या खंडावर असणार होते. आणि गाडी दाखवायच्या आधी मी मैत्रिणीला सांगितलं, तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, ‘वर्षभर मी बसत होते त्यात.’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. कम्युनिटी कॉलेजात जाणारा पोरगा, एकोणीस-वीसचा, बरोबर आई. मी सकाळीच बंपर काढून गवतावर ठेवला होता. पोरगा गाडी बघून जो हसत आला, तो मागे येऊन थांबला. मी दाखवलं. तुळई, लांबी, गालिचाखालचं वेल्डिंग. गॅरेजवाला काय म्हणाला ते सांगितलं, काय म्हणाला नाही तेही सांगितलं.

आईनं पहिला प्रश्न मला विचारला नाही, मुलाला विचारला. ‘तू हे बघितलं असतंस का?’ तो नाही म्हणाला. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत कौतुक वगैरे काही नव्हतं. संशय होता. हे दाखवतेय, म्हणजे आणखी काय लपवतेय? अकरलॉफचा बाजार डोळ्यांसमोर उभा होता आणि मला तिचा राग आला. मग ओसरला. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

ते दोघं बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. पोरगा मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली आडवा झाला, उठला, परत आडवा झाला. शेवटी आई म्हणाली, चार हजार, आणि उन्हाळा संपायच्या आत हा पत्रा कापून नवा बसवायचा, तोवर हायवेला न्यायची नाही. शेवटची अट मुलासाठी होती. मी साडेचार म्हटलं. चार हजार दोनशेवर ठरलं. मनातले दोन हजार आठशे डॉलर गेले, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली असंही नाही. मी भाड्याचा हिशोब करत बसले होते.

निघायच्या आधी बंपर परत लावायचा होता. पोरानं डावी बाजू धरली, मी उजवी. क्लिपा दोन कमी पडल्या. लावून झाल्यावर तो मागे सरकून बघत राहिला. गाडी पुन्हा देखणी दिसत होती.

‘आता काहीच दिसत नाही,’ तो म्हणाला.

‘हो,’ मी म्हटलं, आणि दहा नंबरचा पाना शोधायला लागले. तो परत गायब झाला होता.