प्रतवारी कुणाची, माणसाची की खोलीची?

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, जुबैलच्या उत्तरेला रास अल खैर ही उद्योगनगरी आहे. मादेन कंपनीचे अ‍ॅल्युमिनियम आणि फॉस्फेट खतांचे कारखाने, समुद्राचे पाणी गोडे करणारा अवाढव्य प्रकल्प, जहाजबांधणीची गोदी असा सगळा पसारा इथे मांडला आहे. बॉक्साइट दूरच्या खाणीतून रेल्वेने येते, आणि बरेच कामगार परदेशांतून.

अशा वस्तीची सामाजिक-आर्थिक प्रतवारी कशी करायची? चार्ल्स बूथने १८८९ मध्ये लंडनच्या गरिबीचा नकाशा काढला, तेव्हा एकेक रस्ता तिथल्या रहिवाशांच्या ऐपतीप्रमाणे रंगवला. माणूस आपल्या कुवतीप्रमाणे घर शोधतो, म्हणून घर पाहिले की माणूस कळतो, हा त्यामागचा हिशेब. आखातातल्या कंपनीच्या कॅम्पात हा क्रम उलटा असतो. आधी ग्रेड ठरते, मग खोली मिळते. इंजिनियरला स्वतंत्र खोली, हेल्परला एकावर एक रचलेल्या खाटांपैकी एक. बऱ्याच ठिकाणी मेसही वेगळी. अशा जागी नकाशा रंगवणे सोपे, पण त्यातून कळते ते कंपनीचे वाटप. माणसाची खरी ऐपत त्यात दिसत नाही.

कारण त्याचा संसार तिथे नसतोच. रत्नागिरी-रायगडातल्या किती घरांतून माणसे आखातात गेली आहेत! खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत ही वाट जुनी आहे. दहावी न झालेला तरुण सौदीला निघाला की परदेशी जाण्यासाठी परवानगीचा शिक्का लागणारा, म्हणजे सरकारी नजरेत जपायला हवा असा, कामगार ठरतो. तिथे उतरला की इकाम्यावरचा, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचा, हुद्दा त्याची पायरी ठरवतो. सौदी सरकारने २०२५ पासून परदेशी कामगारांचे परवाने कौशल्यानुसार तीन स्तरांत विभागले आहेत. साध्या मजुराला बायकामुले तिकडे राहायला नेता येत नाहीत.

आणि गावी? २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत ग्रामीण घरात फ्रिज किंवा दुचाकी असली, तरी ते कुटुंब वंचितांच्या यादीतून आपोआप बाहेर पडत असे. आता असे घर डोळ्यांपुढे आणा. मुलाने पहिल्या सुट्टीत आईसाठी फ्रिज घेतला. व्हिसासाठी काढलेले कर्ज मात्र अजून फिटायचे आहे. फ्रिज ओटीवरूनही दिसतो, कर्ज फक्त सावकाराच्या वहीत. कॅम्पात तळाच्या पायरीवरचा माणूस गावात सुखवस्तू ठरतो, आणि दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या असतात.

सौदीच्या २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३ कोटी २२ लाख भरली. त्यात जवळपास ४२ टक्के बिगर-सौदी. देशाचा एवढा मोठा हिस्सा जिथे परक्यांचा असतो, तिथे रहिवाशांची प्रतवारी कुंपणाच्या आत पूर्ण होऊ शकत नाही. मोजायचे एकक खाट नसून कुटुंब आहे, आणि ते समुद्राच्या दोन काठांवर विभागलेले आहे. म्हणून आपल्याकडच्या पाहणीच्या अर्जात फ्रिज आणि दुचाकीच्या रकान्यांशेजारी आणखी दोन रकाने हवेत: घरातले कोण परदेशात राबते, आणि त्याच्या जाण्यापायी किती देणे उरले आहे. ते भरल्याशिवाय कुणालाही सुखवस्तू ठरवू नये.